कोरडी होडी

"ते समदं खरं, वस्ताद. पण किती दिवसांत?"

इलाही वस्ताद मेथीची जुडी निवडत बसले होते. पानं सुपात, काड्या जमिनीवर. प्रश्न ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही. करून उपयोगही नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे गेले होते.

"काय किती दिवसांत?"

"साखर उतरायला. आन वजन."

"घाई कसली?"

रामलिंग पैलवान जमिनीवरच्या काड्या गोळा करायला लागला.

घाई होती... तीन महिन्यांवर भैरोबाची जत्रा आली होती. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं, आणि गेली अकरा वर्षं त्या मैदानात पंचाची शिट्टी रामलिंग ऐतवडेच्या गळ्यात असायची. तिथं पांढरा फेटा बांधून तो उभा राहिला की छपन्न वर्षांचा आहे असं कुणी म्हणालं नसतं. पण तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं होतं आणि सरळ सांगितलं होतं. पैलवान, साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावर सुरुवात झालीय. साखर आवरली तर आहे ते राहील. नाही आवरली तर आज धुरकट दिसतंय, ते उद्या दिसणारच नाही. रक्त महिन्यानं तपासू, डोळे तीन महिन्यांनी.

घरी त्यानं यातलं अक्षरही काढलं नव्हतं. नुसतं 'थोडी साखर वाढलीय' एवढंच.

"जत्रंला पंच हाय मी," तो शेवटी म्हणाला.

"हं."

वस्तादांनी एक काडी मोडली. ती कोवळी आहे असं बोटांना कळलं असावं. ती त्यांनी पुन्हा सुपात टाकली.

"लंगोट कुठाय तुझा?"

"खुंटीला हाय की. बावीस वर्सं झाली."

"आन तांब्या?"

आता तांब्याची गोष्ट सांगायला हवी. तालमीत ज्याच्या त्याच्या खुराकाचा तांब्या ज्याचा त्याचा असतो. दूध, वाटलेले बदाम, खडीसाखर, वर तुपाची धार. रामलिंगचा तांब्या पितळी, दोन लिटरचा, मैदान मारून मिळवलेला. त्यावर त्याचं नाव कोरलेलं. ऐन उमेदीत त्याच्या ढाक डावाला तीन तालुक्यांत तोड नव्हती आणि तो तांब्याही सकाळ-संध्याकाळ रिकामा व्हायचा. मग गुडघा गेला. चौतिसाव्या वर्षी कुस्ती सुटली, जोर सुटले, बैठका सुटल्या, पहाटेचं धावणं सुटलं. तांब्या काही सुटला नाही. गडी बावीस वर्षं कुस्ती न करता कुस्तीचा खुराक घेत होता आणि काट्यावर एकशे चोवीस किलो भरत होता. त्याचाही त्याला अभिमानच. पैलवानाचं वजन कमी झालं की गावात विचारतात, आजारी होता का?

"तांब्या... घरात हाय," रामलिंग म्हणाला.

"भरल्याला का रिकामा?"

रामलिंगनं घसा खाकरला.

"लंगोट खुंटीला लावलास आन तांब्या लावायचा इसरलास, लेका," वस्ताद म्हणाले. "जा, होडीत बस."

होडी म्हणजे तालमीच्या कोपऱ्यात, गदांच्या शेजारी ठेवलेलं वल्ह्याचं यंत्र. एक लांब पट्टी, तिच्यावर पुढं-मागं सरकणारी बैठक, पाय अडकवायला दोन पट्टे, आणि साखळीला बांधलेली एक मूठ. मूठ ओढली की पुढच्या डब्यातला पंखा घरघरतो. फौजेत वल्हवायला शिकलेल्या एका शिष्यानं बदलीवर जाताना ते तालमीला देऊन टाकलं होतं. पोरांनी त्याचं नाव पाडलं, कोरडी होडी. नदी पाचशे पावलांवर, आणि होडी इथं कुस्तीच्या हौद्याच्या मातीशेजारी.

रामलिंग तिच्याकडं बघून हसला.

"वस्ताद, गुडघ्यानं बैठका जमत न्हाईत, हे कबूल. पन ह्येच्यात बसायचं? ही तर जागची हलत न्हाई."

"हलली की सांगीन."

पैलवान बसला. बैठक करकरली. पंख्याच्या बाजूला एक कळ होती, एक ते दहा आकड्यांची. ती त्यानं विचारायच्या आधीच दहावर नेली. दहाच्या खालचं काही करायला तो काय नवशिका होता? छाती भरून श्वास घेतला, कोंडला, आणि मूठ अशी खेचली की भिंतीवरची पाल पळाली.

चार मिनिटं... पाचवं काही आलं नाही.

रामलिंग पट्टीवर आडवा झाला होता आणि तालमीचे पत्रे त्याच्याभोवती फिरत होते.

"दम कोंडतोस," वस्तादांचा आवाज आला. मेथी निवडणं चालूच होतं. "डॉक्टरीणबाईनं काय सांगितलंय?"

"कोंडायचा न्हाई म्हनून. डोळ्यांवर ताण येतो."

"मग? कुस्ती खेळतोस व्हय तिच्यासंगं? कळ चारवर आण. आन हातानं कशाला वढतोस, पाय कशाला दिल्यात? पायानं रेट. हात नुसतं मागं येऊ देत."

"बरं."

"आन परत येताना पडल्यावानी येतोस. सावकाश ये."

हे मात्र रामलिंगला पटलं नाही. "वढताना जोर लागतोय, वस्ताद. परत येताना काय करायचंय? तिथं कुठं जोर लागतोय?"

"म्हनून तर तिथं कळतं."

काय कळतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सूप उचललं आणि भिंतीला हात लावत आत गेले.

जेवणाचं मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं. भाकरी एक. तिच्याआधी वाटीभर काकडी नाहीतर मुळा, दोन वाट्या पालेभाजी, मग मटकीची उसळ. ताक पाहिजे तेवढं. भात चार घास. साखर, गूळ, खडीसाखर, काही नाही. गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दिल्या तशा, एकही चुकवायची नाही.

"गोळीतलं मला इचारू नगंस," ते म्हणाले. "मी वस्ताद हाय, डॉक्टर न्हवं."

"बरं."

"आन तुझा तांब्या हितं आन. उद्यापासनं होडी झाली की बदाम वाटायला बस. पोरांच्या खुराकाचं."

रामलिंगचे कान तापले. तालमीत बदाम वाटायचं काम सगळ्यात नव्या गड्याचं. कुंडीत बदाम टाकायचे आणि सोटा फिरवत बसायचं, दंड भरून येईपर्यंत. तीन तालुक्यांत नाव असलेल्या, अकरा वर्षं पंच असलेल्या माणसानं ते करायचं? आणि वाटलेलं स्वतःच्याच तांब्यातून दुसऱ्याला वाढायचं?

पण वस्तादांपुढं त्यानं आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी त्याला आठव्या वर्षी या माणसाच्या पायांवर घातलं होतं. सणाला ह्यांच्या घरचा शिरखुर्मा ऐतवड्यांकडं यायचा आणि ऐतवड्यांची पोळी ह्यांच्याकडं जायची. साठ वर्षं झाली, हा माणूस पहाटे चारला तालमीचं दार उघडतोय. डोळे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा उघडलं होतं. अशा माणसाला नाही म्हणायला छातीच लागते आणि ती रामलिंगकडं नव्हती, छाती बावन्न इंच असूनही.

तो बदाम वाटायला बसला.

समोर कुंडी धरून म्हाळाप्पा बसायचा.

हा म्हाळाप्पा कोळेकर, धनगराचा गडी, चोवीस वर्षांचा. अंगानं काटक, तोंडानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. मागच्या जत्रेत पहिल्या नंबरची कुस्ती त्याची होती. तेहेतीस मिनिटं झुंजला. शेवटी समोरच्यानं त्याला खाली घेतलं, दोघे मातीत गुंतले, हलगी कडाडली, लोक ओरडले, आणि पंचाची शिट्टी वाजली. म्हाळाप्पा चीतपट.

तो उठला तेव्हा नुसता पंचाकडं बघत राहिला. एक अक्षर बोलला नाही. 'दोन्ही खांदे टेकले न्हवते' असं गावातल्या चार जणांनी म्हणून पाहिलं. रामलिंगनं त्यांची तोंडं बंद केली. "मी मातीत आडवा पडून बघितलंय. तुम्ही काय झाडावर बसून बघितलंय व्हय?"

तेव्हापासून एक वर्ष. आता रोज पहाटे तोच म्हाळाप्पा त्याच्यापुढं कुंडी धरून बसायचा. सोटा घसरला की कुंडी तेवढीच वळवून द्यायचा. मान वर नाही, बोलणं नाही. रामलिंगला ते होडीपेक्षा जड जायचं.

पहिले दहा दिवस पैलवान सरळ वागला. मग कुणाच्या तरी नातवाचं बारसं आलं. मग एक साखरपुडा. पैलवानाच्या पानात जिलेबी वाढायची नाही म्हणजे यजमानाचाच अपमान. आणि वाढलेली टाकायची म्हणजे पैलवानाचा. एवढ्यानं काय होतंय? होडी तर रोज ओढतोच आहोत!

महिना संपला. तपासणी चार दिवसांवर आली.

आणि इथं रामलिंगनं जे केलं ते कुस्तीच्या माणसालाच सुचावं. वजनी गटात खेळणारे पैलवान काट्यावर उभं राहायच्या आधी दोन दिवस उपाशी राहतात, घोंगडं पांघरून घाम काढतात, वजन गटात बसवतात, आणि काट्यावरून उतरले की पोटभर जेवतात. रामलिंगनं ऐन तरुणपणी हे वीस वेळा केलं होतं. आता त्यानं रक्त त्या काट्यावर उभं केलं. तीन दिवस कारल्याचा रस, ताक, उकडलेली मेथी. बायको गौराक्का म्हणाली, "अहो, काय सोंग काढलंय हे?" तो म्हणाला, "तू बघच."

चौथ्या दिवशी उपाशीपोटीची साखर आली एकशे आठ.

पैलवान दवाखान्यातून निघाला तो छाती फुगवून. वाटेत त्यानं अर्धा किलो पेढे घेतले. साखर उतरल्याचे पेढे! गावात शिरल्यापासून तालमीपर्यंत जो भेटेल त्याच्या हातावर एकेक ठेवत आला, आणि एक स्वतःच्याही तोंडात टाकला, कारण आनंदाच्या वेळी नाही म्हणू नये.

"वस्ताद, तोंड गोड करा. एकशे आठ!"

वस्तादांनी पुडा हातात घेतला. तो त्यांनी उघडला नाही. नुसता तळहातावर जोखला आणि बाजूला ठेवला.

"कागद आणलाईस?"

"ह्यो काय."

"किती कागद हैत?"

"एकच की."

"दोनाचा आवाज येतोय."

रामलिंगनं खिशावर हात ठेवला. दुसरा कागद खरंच होता, चार घड्या घातलेला. डॉक्टरीणबाईंनी तोच आधी वाचला होता आणि त्यावरच बोट ठेवलं होतं. पैलवानानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"दुसरा तीन म्हैन्यांच्या सरासरीचा हाय. त्येचं एवढं काय न्हाई."

"वाच."

"... नऊ पॉइंट सहा."

"किती पायजे?"

"सातच्या आत."

तालमीत पोरं जोर मारत होती. त्यांच्या श्वासांचा एकसारखा आवाज येत होता.

"काट्याला फसवता येतंय, रामल्या," वस्ताद म्हणाले. "रगताला न्हाई येत. ते तीन म्हैनं ध्यानात ठेवतंय."

"चुकलं, वस्ताद."

"माझं डोळं कशानं गेलं?"

रामलिंगला हा प्रश्न कळला नाही. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट होती ती. "कर्नाटकात मैदानात बोट लागलं हुतं तुमच्या डोळ्यात. जुनी दुखापत. ती म्हातारपणी उलाटली."

"कुणी सांगितलं?"

"समदं गाव सांगतंय."

"गावाला कुणी सांगितलं?"

रामलिंग आठवायला लागला.

"मीच," वस्ताद म्हणाले. "वस्तादाचं डोळं कुस्तीत गेलं म्हनलं की बरं वाटतंय ऐकायला." त्यांनी हात लांब करून पेढ्यांचा पुडा चाचपला आणि रामलिंगच्या मांडीवर ठेवला. "बासुंदी हुती, लेका. आन तपासणीच्या आदी तीन दिवस कारलं."

साठ वर्षं तालीम सांभाळणारा, अख्खा गाव ज्याच्या पाया पडतो असा माणूस, आपली लाज अशी काढून रामलिंगच्या मांडीवर ठेवत होता. त्याच्यासाठी. त्याला रडू फुटलं असतं, पण पैलवानाला तालमीत रडता येत नाही. तो उठला, पुडा दारातल्या पायरीवर ठेवला आणि होडीत जाऊन बसला. कळ चारवर होती. तशीच ठेवली.

त्या दिवशी तो वीस मिनिटं थांबला नाही.

घरी जाऊन त्यानं गौराक्काला सगळं सांगितलं. डोळ्यांचं, पडद्याचं, कारल्याचं. गौराक्कानं आधी त्याला अर्धा तास झापलं. "मला सांगायला काय झालं हुतं? मी काय परकी हाय?" मग तिनं भाकरीची दुरडी उचलून उंच फळीवर ठेवली, जिथं तिचा स्वतःचाही हात पोचत नव्हता, आणि पदरानं डोळे पुसून मुळे चिरायला घेतले.

त्यानंतरचे दोन महिने सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. तेच खरं कौतुकाचं. रोज पहाटे होडी. पायानं रेटायचं, हात मागून येऊ द्यायचे, श्वास सोडायचा, आणि परत येताना सावकाश. वीस मिनिटांची तीस झाली, तीसची चाळीस. पंख्याची घरघर जाऊन आता दीर्घ श्वासासारखा आवाज यायला लागला. एक लांब, एक त्याहून लांब. बारशी झाली, लग्नं झाली. पैलवान पानावर बसायचा, पालेभाजी दोनदा मागून घ्यायचा आणि जिलेबी वाढणाऱ्याला हात जोडायचा. "मला साखर हाय, भाऊ." पहिल्यांदा हे म्हणताना त्याला घाम फुटला. चौथ्यांदा म्हणताना पंगतीतल्या आणखी दोघांनी हळूच आपापल्या पानावर हात आडवे धरले.

वस्ताद काही बोलत नसत. एकदाच, पाठमोरे बसल्या बसल्या म्हणाले, "आज यायचं मन न्हवतं न्हाई?"

"कसं वळखलंसा?"

"परत येताना घाई करतुयास."

जत्रेच्या आदल्या दिवशी कागद आला. या वेळी एकच. रामलिंगनं वाटेत पेढे घेतले नाहीत. बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि वस्तादांच्या सुपात ठेवल्या.

"वाच."

"सात पॉइंट एक. अजून जरा हाय. वजन एकशे तेरा. डॉक्टरीणबाई म्हनल्या, पडदा हाय तिथंच थांबलाय. धूर बराच निवळलाय, वस्ताद. समोरच्या भिंतीवरचं क्यालेंडर वाचलं मी."

वस्तादांचा चेहरा उजळला. ते हसले, त्यांनी हात पुढं केला आणि रामलिंगच्या दंडावरून, खांद्यावरून, पाठीवरून फिरवला, लहान पोराला आंघोळ घातल्यावर फिरवतात तसा.

"शाब्बास. पोटात गेल्यालं पुन्हा पाठीत आलं."

"मग हलली म्हना की आता होडी."

हात थांबला.

"न्हाई."

रामलिंगचा चेहरा पडला. "आता आनी काय ऱ्हायलं?"

वस्तादांनी जुडी सोडली. एक पान, दुसरं पान.

"मागल्या जत्रंत मी मैदानाच्या कडंला बसलो हुतो."

"... व्हय."

"दोन खांदं मातीला लागल्याचा आवाज साठ वर्सं ऐकतोय मी." तिसरं पान सुपात पडलं. "त्या दिशी एकच आला."

रामलिंगला दरदरून घाम फुटला. होडीत चाळीस मिनिटांतही फुटला नव्हता असा. त्या दिवशी तो मातीत आडवा पडला होता हे खरं. पण त्याला दिसलं काहीच नव्हतं. दोन अंगं, आणि त्यांच्यावर दुधाळ धूर. लोकांचा ओरडा झाला, हलगी चढली, आणि त्या ओरड्यावर भरवसा ठेवून त्यानं शिट्टी फुंकली होती. वर्षभर तो स्वतःलाही सांगत आला होता, टेकले होते. दोन्ही टेकले होते.

"तुमाला म्हाईत हुतं," तो पुटपुटला. "तुमचाच गडी हुता तो. मग तवा का बोलला न्हाईसा?"

"शिट्टी माझ्याकडं न्हवती."

वस्ताद सूप घेऊन आत गेले. मग रामलिंगही उठला. जाताना त्यानं भिंतीजवळचा पितळी तांब्या उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. हलग्या घुमायला लागल्या, माणसं झाडांवर, छपरांवर, ट्रॅक्टरवर चढली. निवेदकानं पंचांचं नाव पुकारलं. रामलिंग पांढरा फेटा बांधून आला. शर्ट त्याच्या अंगावर ढिला झाला होता, आणि खरंच दोघा-तिघांनी विचारलं, आजारी होता का? गळ्यात शिट्टी होती. हातात तांब्या होता, वरून फडक्यानं झाकलेला.

तो सरळ निवेदकाकडं गेला आणि त्याच्या हातातला माईक मागून घेतला.

"म्हाळाप्पा कोळेकर हितं असंल तर त्यानं मैदानात यावं."

म्हाळाप्पा आला. लंगोटावर, अंगाला माती लावलेला. काय चाललंय ते त्याला कळेना.

रामलिंगचा आवाज एरवी विनामाईक नदीपलीकडं जायचा. आज माईकमधूनसुद्धा नीट फुटेना.

"मागल्या साली ह्येची कुस्ती मी चीत दिली. खांदा एकच टेकला हुता. मला ते दिसलंच न्हवतं... मला साखर हाय. डोळ्यांवर धूर आलता. कुनाला कळू दिलं न्हाई. तुमी वरडलासा, म्हनून शिट्टी फुकली." तो थांबला. "ह्यो हारला न्हवता. मी आंधळा हुतो."

हलगीवाल्यांचे हात थांबले होते. एवढ्या माणसांचं मैदान, पण झाडावरच्या पोराचं खोकणं ऐकू आलं.

रामलिंगनं गळ्यातली शिट्टी काढली आणि शेजारच्या पंचाच्या हातात दिली. अकरा वर्षांची सवय. दोरी कानाशी अडकली, ती सोडवायला त्याला वेळ लागला. कालच भिंतीवरचं कॅलेंडर वाचलेले डोळे होते त्याचे, आज तो शिट्टी ठेवू शकला असता.

मग त्यानं तांब्यावरचं फडकं काढलं. पहाटे एकट्यानं बसून वाटलेले बदाम होते त्यात, दूध होतं, तूप होतं. त्यानं तो तांब्या दोन्ही हातांनी म्हाळाप्पापुढं धरला.

"घे. तांब्यासकट. नाव माझं हाय त्येच्यावर, खोडून घे."

म्हाळाप्पानं तांब्या घेतला. पैलवानाकडं पाहिलं. अगदी तसंच, जसं मागच्या वर्षी पाहिलं होतं. मग मान मागं टाकून तो प्यायला, एका दमात, सगळा. तोंड पुसलं आणि वर्षभरात पहिल्यांदा बोलला.

"असू द्या की नाव."

आणि तो रामलिंगच्या पाया पडला. तेव्हा कुठं मैदान ओरडलं. फेटे हवेत उडाले आणि हलग्या पुन्हा घुमायला लागल्या.

रामलिंग मैदानाबाहेर आला. कडेला घोंगड्यावर इलाही वस्ताद बसले होते, कान मातीकडं लावून. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. गळा मोकळा, हात मोकळे. कुस्ती सुरू झाली. दोघेही मातीचा आवाज ऐकत राहिले.

"वस्ताद, उद्या पहाटं येतो."

"ये."

"चारवरच ठेवू का कळ?"

वस्तादांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"हलली," ते म्हणाले. "आत्ता हलली होडी."